मुलाला स्काऊटमध्ये घालावं का? अनुभव सांगा, माहितीपत्रक नको

पाऊलवाट | सोमवार, रात्री ९.४०

मुलगा पुढच्या महिन्यात दहा वर्षांचा होईल. अभ्यासात बरा, तब्येतीने ठीक, पण भयंकर बुजरा. ओळखीच्या माणसाने नुसतं नाव विचारलं तरी माझ्या पाठीमागे जातो आणि मग त्याचं नाव मी सांगते. गेल्या आठवड्यात त्याच्या वर्गातला एक मित्र स्काऊटचा स्कार्फ घालून घरी आला, दोन दोऱ्यांच्या चार-पाच गाठी मारून दाखवल्या आणि गेला. त्या दिवसापासून आमच्याकडे एकच घोषा: मला पण जायचंय. या मुलाने स्वतःहून काही मागण्याची ही पहिलीच वेळ असावी.

घरात तीन माणसं, तीन मतं. नवरा म्हणतो, एवढा वेळ द्यायचा तर पोहायला घालू, निदान पोहता येईल. सासरे स्वतः लहानपणी स्काऊट होते, त्यांचा विषय "शिस्त लागते" इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. मला तो गणवेश, ती सलामी, ते रांगेत उभं राहणं बघून जरा धास्तीच वाटते.

तर ज्यांची मुलं जातात किंवा जे स्वतः गेलेत त्यांनी सांगा, नक्की काय फरक पडला? मुलाला आणि घरालाही. "नेतृत्वगुणांचा विकास होतो" हे वाक्य मी तीन ठिकाणी वाचलंय. ते चौथ्यांदा नको, प्लीज.

टेकडीवरचा | सोमवार, रात्री १०.१५

सहा वर्षं स्काऊट होतो. बुटाची नाडी आजतागायत सुटलेली नाही. माझ्यापुरते फायदे संपले. :)

गंमत सोडा, एक सांगतो. बारा वर्षांचा असताना शिबिरात रात्रीच्या पहाऱ्याची पाळी लागली, दोन ते तीन. जोडीला एक माझ्याहून किरकोळ पोरगा. हातात टॉर्च आणि गळ्यात शिट्टी. तंबूंच्या रांगेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, इतकंच काम. मधल्या तंबूपाशी "फट् फट्" असा आवाज आला आणि आमची दातखीळ बसली. शिट्टी फुंकायची तर तोंडात ओलावा हवा ना! शेवटी एकमेकांचा शर्ट धरून गेलो, तर ओल्या कापडाची एक बाजू सुटून वाऱ्यावर आपटत होती. ती बांधली. परत आलो. तीन वाजता पुढच्या दोघांना उठवलं आणि "सगळं ठीक" असं अगदी जड आवाजात सांगितलं.

झालं काहीच नव्हतं. पण तीस झोपलेली मुलं तासभर माझ्या भरवशावर होती, ही गोष्ट मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. घरी तोवर मला गॅस पेटवायची परवानगी नव्हती.

शंकासूर | मंगळवार, सकाळी ८.०५

धास्ती वाटते ती उगाच नाही, ताई. ही सगळी चळवळ काढली कोणी? बेडन-पॉवेल. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, साम्राज्यासाठी लढलेला. गणवेश, सलामी, झेंडा, वचन. कोवळ्या वयात मुलांना हुकूम पाळायला शिकवण्याची ही सभ्य पद्धत आहे. रात्रीच्या पहाऱ्याची गोष्ट छान आहे, पण "पहारा" हा शब्दच बघा की.

गाठीभेटी | मंगळवार, दुपारी १.३०

शंकासूर, तुमची शंका जुनी आहे आणि रास्तही आहे. मी गेली बावीस वर्षं पथक चालवतो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच धरून चाला.

बेडन-पॉवेल लष्करातलेच. दक्षिण आफ्रिकेत १८९९-१९०० मध्ये माफेकिंगला २१७ दिवस वेढा पडला होता, तेव्हा तिथली लहान मुलं निरोप पोचवायचं काम करत होती. मुलांवर विश्वास टाकला तर ती काम करतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. सैनिकांसाठी लिहिलेली टेहळणीची त्यांची एक पुस्तिका होती. मायदेशी परतले तर शिक्षक आणि मुलं तीच वापरताहेत असं दिसलं. मग मुलांसाठी वेगळं काही करायचं ठरलं आणि ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर झालं. त्यात निम्मी मुलं श्रीमंतांच्या निवासी शाळांतली आणि निम्मी कामकरी घरांतली होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही मुलं एका तंबूत झोपणं हीच केवढी मोठी गोष्ट! त्यांचे चार संघ केले: लांडगे, बैल, कर्ल्यू नावाचा पक्षी आणि डोमकावळे. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, पंधरा-पंधरा दिवसांनी निघणाऱ्या सहा भागांत त्यांनी सगळं लिहून काढलं आणि वाचून मुलांनी आपापले संघ स्वतःच उभे केले. मोठी माणसं आणि संघटना मागाहून आल्या.

आता मुद्द्याचं. लष्करातून त्यांनी जी गोष्ट उचलली ती कवायत नव्हे. त्यांनी उचलली ती छोटी तुकडी. संघ म्हणजे सहा ते आठ मुलं, आणि त्यांचा संघनायक त्यांच्यातलाच, बारा-चौदा वर्षांचा. माझ्यासारख्या बाप्याने बोलायचं ते संघनायकाशी. तंबू कुठे लावायचा, चूल कोण पेटवणार, कोण भांडी घासणार, हे त्यांचं ते ठरवतात. भांडतात, रुसतात, परत ठरवतात. माझं काम खिशात हात घालून उभं राहण्याचं. हसू नका, बावीस वर्षांत मला सगळ्यांत अवघड गेलेली गोष्ट तीच आहे.

दोन वर्षांपूर्वी एका संघाने तंबू बरोबर खोलगट जागी लावला. मला लांबूनच दिसलं. आभाळ भरून आलेलं. मी दोनच गोष्टी पाहिल्या: वीज-वारा काही नाही ना, आणि सामानाच्या मोठ्या तंबूत या सात जणांना कोरडी जागा होईल ना. आणि गप्प बसलो. रात्री अकराला अंथरलेल्या ताडपत्रीखाली पाणी आलं. आरडाओरडा, टॉर्च, "तू म्हणालास इथे लाव" वगैरे सगळं यथासांग झालं. पाऊण तासात त्यांनी तंबू उपटून वरच्या अंगाला लावला आणि ओलेत्याने झोपले.

गंमत पुढच्या शिबिरात. त्यांच्यातला सगळ्यांत धाकटा, मैदानावर आल्या आल्या पाण्याची बाटली घेऊन फिरतोय आणि जागोजागी चूळभर पाणी ओतून खाली वाकून बघतोय. म्हटलं, काय रे? तर म्हणे, "पाणी कुठे पळतंय ते बघतोय, सर." हे मी त्याला कधीच शिकवलेलं नव्हतं.

टेकडीवरचा, तुमच्या पहाऱ्याबद्दल एक सांगू का? त्या वेळी तुमचे मास्तर जागे असणार. आम्ही जागेच असतो.

टेकडीवरचा | मंगळवार, दुपारी २.१०

काय सांगता! तीस वर्षं मी समजत होतो की... जाऊ दे. आजचा दिवस वाईट गेला माझा.

पाऊलवाट | मंगळवार, रात्री ९.००

गाठीभेटी, बाटलीचा किस्सा सगळ्यांना वाचून दाखवला. नवऱ्याचा प्रश्न: आणि ताप आला असता तर?

गाठीभेटी | मंगळवार, रात्री ९.२५

दोघांना सर्दी झाली होती. एकाच्या आईने मला फोनवर चांगलं झापलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

निळी_छत्री | बुधवार, सकाळी ११.२०

किस्से झाले, आता जरा आकडे. २०१६ मध्ये एडिंबरो आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या लोकांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे, त्यातल्या सुमारे दहा हजार जणांची माहिती त्यांनी वापरली. लहानपणी स्काऊट किंवा गाईड असलेल्यांना पन्नाशीत चिंता आणि नैराश्यासारखे त्रास असण्याची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसली. मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट: गरीब घरांत वाढलेल्यांची मानसिक तब्येत एरवी जास्त ढासळलेली दिसते, ती दरी स्काऊट-गाईडमध्ये गेलेल्यांत जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

शंकासूर | बुधवार, दुपारी १२.४५

अभ्यास माहीत आहे. पण जे आईबाप दर आठवड्याला मुलाला आणायला-सोडायला जातात, त्यांचं घर मुळातच जरा बरं असणार. मग फायदा स्काऊटचा की त्या घराचा? संशोधकांनी घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरली होती हे मान्य, तरी अशा अभ्यासातून "यामुळेच ते झालं" असं म्हणता येत नाही.

आणि आता कोणीतरी "चंद्रावर चाललेल्या बारा जणांपैकी अकरा जण स्काऊट होते" हे टाकणार, म्हणून मीच टाकतो. खरं आहे ते. नील आर्मस्ट्राँग तर ईगल स्काऊट होता, म्हणजे तिथली सर्वांत वरची पायरी. पण त्या पिढीत अमेरिकेतली मुलं ढिगाने स्काऊटमध्ये जायची. चंद्रावर न गेलेल्या स्काऊटांची यादी कोणी करत नाही.

निळी_छत्री | बुधवार, दुपारी १.००

"यामुळेच" असं मी म्हटलंच नव्हतं. पण आईबाप आणायला-सोडायला जातात, हाही त्याचाच भाग नाही का? मूल आठवड्यातून एकदा अशा ठिकाणी जातं की जिथे आपले आईबाबा सोडून दुसरी मोठी माणसं त्याला नावाने ओळखतात आणि मार्क विचारत नाहीत. मला तरी मुद्दा तोच वाटतो.

आळशी_बाप | बुधवार, रात्री ११.३०

घराला काय फायदा, याचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून आयडी शोधून, पासवर्ड बदलून लिहितोय.

माझी मुलगी आठव्या वर्षी गेली. मला सांगितलं होतं की "फक्त सामान उतरवायला या". गेलो. सामान उतरवलं. मग म्हणाले, आता आलाच आहात तर हा कोपरा धरा. तो कोपरा मी अजून धरून आहे, चार वर्षं झाली.

पहिल्या वर्षी मला खुंटी ठोकता येत नव्हती. सरळ ठोकायचो, उपटून यायची. पोरीने येऊन सांगितलं, "बाबा, तिरकी. डोकं तंबूपासून लांब झुकलेलं पाहिजे." मग क्लोव्ह हिच. खांबाला दोरीचा एक वेढा, त्यावर तिरका दुसरा आणि टोक त्या तिरक्याच्या खालून काढायचं. मला पाच वेळा जमलं नाही. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि जराही न चिडता म्हणाली, "तुझा अंगठा मध्ये येतोय." मी तिला गणित शिकवताना असा कधी बोललोय? दुसऱ्या मिनिटाला माझा आवाज चढतो. त्या रात्री मला हे फार लागलं, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी सांगितलं एकदाचं."

आणखी एक, जे कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. ज्या शिबिराला फक्त मुलं जातात, ते दोन दिवस घर इतकं शांत असतं की आम्ही नवराबायको पहिल्या संध्याकाळी एकमेकांकडे बघत बसलो होतो. विषयच सुचेना. शिबिरात फोन चालत नाही. मुलगी मजेत असते. फोन चालत नाही म्हणून जीव कासावीस होतो तो आमचा.

खारूताई | गुरुवार, सकाळी ७.५०

@आळशी_बाप, दंडवत.

मुलींचा विषय निघालाच आहे तर. मी गाईड होते. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा पहिला मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली तशाच टोप्या घालून, आमंत्रण नसताना येऊन उभ्या राहिल्या. आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. पुढच्या वर्षी बेडन-पॉवेलनी मुलींसाठी गाईड ही वेगळी संघटना सुरू केली आणि ती बहिणीच्या, अ‍ॅग्नेसच्या, हाती दिली. म्हणजे आमची सुरुवातच आगंतुकपणातून झाली. आज बऱ्याच देशांत मुलं-मुली एकत्र असतात, काही ठिकाणी वेगळी पथकं आहेत.

मला विचाराल तर वेगळं असण्याचा एक फायदा झाला. आमच्या शिबिरात हातोडी घ्यायला दुसरं कोणी नव्हतंच. चूल, तंबू, जड पेट्या, झाडाला दोर बांधणं, सगळं आम्हीच करायचो. एरवी "दे इकडे, मी करतो" म्हणणारा एक तरी मुलगा किंवा मामा कुठूनतरी उगवतोच. पुढे कॉलेजात मुलामुलींची एकत्र सहल गेली, तेव्हा माझ्या हातातून दोर काढून घ्यायला एक जण पुढे आला. मला खरंच कळलं नाही की हा असं का करतोय.

मी_मधली | गुरुवार, दुपारी ३.१५

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहिते. आमची मुलगी दोन वर्षांनी सोडून आली.

तिच्या पथकात सगळा जोर बॅजवर होता. कोणाच्या बाहीवर किती, याची दर महिन्याला मोजणी. वह्या भरायच्या, फोटो चिकटवायचे, शिक्का घ्यायचा. मुलीचा पक्षी-निरीक्षणाचा बॅज माझ्या अक्षरात आहे. हो, मीच भरली ती वही, रात्री साडेबाराला. कारण दुसऱ्या दिवशी "मोठे पाहुणे" यायचे होते. पोरीने एकही पक्षी पाहिला नाही. बॅज शिवला तोही मीच. शिबिरात तंबू आधीच लावलेले असायचे आणि मुलांनी त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. एकदा तिने विचारलं, "आई, यात मी काय केलं?" त्यानंतर आम्ही गेलो नाही.

कोणाचं नाव घ्यायचं नाही. माणसं वाईट नव्हती. पण ताई, घालण्याआधी बघून घ्या.

गाठीभेटी | गुरुवार, सायंकाळी ६.४०

मी_मधली, वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. असं होतं. आमच्याकडेही एका वर्षी झालं होतं, आणि त्याला जबाबदार मीच होतो. बॅज ही मुळात त्या मुलाने केलेल्या गोष्टीची खूण. बॅजच उद्देश झाला की आईला रात्री साडेबाराला पेन घ्यावं लागतं.

पाऊलवाट, एक साधी पारख सांगतो. एका मीटिंगला जाऊन मागे बसा, अर्धा तास पुरे. फक्त एवढं बघा की बोलतंय कोण. अर्ध्याहून जास्त वेळ मोठ्या माणसाचाच आवाज येत असेल तर दुसरं पथक बघा. मुलं एकमेकांना काही दाखवताहेत, थोडा गोंधळ आहे, एखादं मूल चुकीची गाठ मारतंय आणि दुसरं मूल ती सोडवून दाखवतंय, असं दिसलं तर घाला खुशाल. गोंधळ शून्य असेल तर मला काळजी वाटते.

निळी_छत्री | गुरुवार, रात्री ८.३०

पारखेचा विषय निघालाय तर अवघड प्रश्नही विचारूनच टाकते. सुरक्षिततेचं काय? अमेरिकेतल्या बॉय स्काऊट संघटनेने २०२० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२ हजारांहून जास्त दावे त्या प्रकरणात दाखल झाले. कित्येक दशकांतली प्रकरणं आहेत ती. हे न बोलता नुसती शेकोटीची गाणी गाणं मला जमणार नाही.

गाठीभेटी | गुरुवार, रात्री ९.५५

जमू नयेच. हा प्रश्न मला विचारला गेला की मी खूश होतो, आणि जो लीडर हा प्रश्न ऐकून चिडतो त्याच्याकडे मूल पाठवू नका. बाकी काही विचारायची गरजच नाही मग.

तरी विचारायचंच तर हे विचारा. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, बंद दाराआड किंवा सहलीत, असं कधी होतं का? उत्तर "कधीच नाही" हेच हवं. दोन मोठी माणसं कायम हजर, हा नियम हवा. मोठे आणि मुलं एका तंबूत झोपत नाहीत ना? लीडर मुलांशी फोनवर खाजगीत बोलतो का? आईबापांनी न सांगता शिबिरात टपकलं तर चालतं का? आमच्याकडे चालतं. एक आजोबा तर प्रत्येक शिबिरात दुपारी येऊन झाडाखाली पेपर वाचत बसायचे. आम्ही त्यांना चहा देत होतो.

आणि घरी मुलाशी बोला. लीडर कितीही चांगला असो, "हे घरी सांगू नकोस" असं कोणी म्हणालं की ते घरी सांगायचं, एवढं एक वाक्य पाठ करून घ्या.

शंकासूर | गुरुवार, रात्री १०.२०

या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. आणि नोंद करून ठेवा, असं मी वर्षातून एकदाच म्हणतो.

टेकडीवरचा | शुक्रवार, सकाळी ९.१०

पाऊलवाट, तोवर घरीच एक करून बघा: किमचा खेळ. ताटात चोवीस वस्तू ठेवायच्या. बटण, किल्ली, पेन्सिल, खडा, काहीही. एक मिनिट बघू द्यायचं, वर फडकं टाकायचं आणि आठवतील तेवढ्या लिहायला सांगायच्या. किपलिंगच्या कादंबरीतल्या किम या मुलाला हेरगिरीचं शिक्षण म्हणून असा खेळ खेळायला लावतात. बेडन-पॉवेलनी तो उचलला आणि तेव्हापासून प्रत्येक पथकात खेळला जातो. बुजऱ्या मुलांना हा हमखास जमतो. ती बोलत नाहीत, पण बघत असतात.

पाऊलवाट | शनिवार, रात्री १०.००

खेळलो. मुलगा १७, मी १३, नवरा ११, सासरे ९. सासऱ्यांचं म्हणणं, त्यांच्या वेळी ताट मोठं असायचं.

आज एका मीटिंगला जाऊन मागे बसून आले. गोंधळ भरपूर होता. एका मुलीने दुसऱ्याला "अरे, ती आजीबाईची गाठ झाली, रीफ नॉट नाही" असं सांगितलं आणि मग तीच मुलगी पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसली. मोठ्यांचा आवाज फारसा आलाच नाही. नाव नोंदवलं. तिथल्या बाईंना निळी_छत्रीचे सगळे प्रश्न विचारले. त्यांनी एकेक उत्तर दिलं आणि शेवटी म्हणाल्या, "हे सगळ्यांनी विचारायला हवं."

खारूताई | शनिवार, रात्री १०.३०

आजीबाईची गाठ!! किती वर्षांनी ऐकलं. रीफ नॉट मारताना दुसऱ्या वेळी दिशा बदलायची विसरली की ती होते. दिसायला सारखीच, पण घसरते नाहीतर आवळून बसते. उजवी डावीवर, मग डावी उजवीवर. झोपेतही हात तसेच जातात माझे.

पाऊलवाट | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.१५

सगळ्यांना उशिराने, पण सविस्तर.

पहिल्या मीटिंगला एक अक्षर बोलला नाही. परत येताना विचारलं, कसं होतं? "ठीक." दुसऱ्या वेळी त्याच्या संघनायकाने, तेरा वर्षांचा मुलगा आहे, याला एक काम दिलं. खुंट्या मोजायचं. मला वाटलं, हे काय काम आहे? खरं सांगायचं तर थोडा रागच आला. गप्प मुलाला कोपऱ्यात बसवून दिलं असं वाटलं.

काल मैदानावर तंबू लावायचा सराव होता. संपल्यावर सगळे रांगेत. संघनायक म्हणाला, सामान पूर्ण, चला. आणि माझा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "एक कमी आहे. छत्तीस होत्या, पस्तीस आहेत." सगळे थांबले. पंधरा मुलं गवतात वाकून शोधायला लागली. सापडली एकदाची, कुणाच्या तरी टाचेखाली चिखलात. मी कुंपणापाशी उभी होते, आणि मला त्याचा आवाज ओळखूच आला नाही आधी. वर्गात शिक्षकांना ऐकू जात नाही म्हणून त्याला दोनदा बोलायला लावतात, तोच हा आवाज.

घरी खुणांचा सुळसुळाट झालाय. दारापासून त्याच्या खोलीपर्यंत खडूचे बाण. आजोबा अंघोळीला गेले की न्हाणीघराच्या दारासमोर फुली, म्हणजे "या वाटेने जाऊ नका". आणि बाहेरून आला की पायपुसण्याशेजारी वर्तुळ काढून आत टिंब. विचारलं तर म्हणतो, "मी घरी आलोय."

गाठीभेटी | रविवार, रात्री ८.५०

त्या तेरा वर्षांच्या संघनायकाला माझा सलाम सांगा. मोजायचं काम बुजऱ्या मुलालाच द्यायचं असतं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

वर्तुळात टिंब ही माग काढायच्या खेळातली शेवटची खूण: घरी गेलो. बेडन-पॉवेल १९४१ मध्ये केनियात वारले. तिथे न्येरी गावी त्यांच्या थडग्याच्या दगडावर तीच खूण कोरलेली आहे.

पाऊलवाट | सोमवार, रात्री ९.२०

हे त्याला सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग आजोबांना जाऊन सांगितलं, आणि ते "मला माहीत आहे" म्हणाले. इतकी वर्षं शिस्तीच्या पुढे गाडी गेली नव्हती यांची! आता दोघं रोज तासभर गाठी मारत बसतात.

असो. पुढच्या शनिवारी पहिलं शिबिर, एक रात्र. काय काय द्यायचं?

आळशी_बाप | सोमवार, रात्री ९.४५

प्रत्येक वस्तूवर नाव घाला. मोज्यांवरसुद्धा. चार वर्षांत मी घरी आणलेल्या मोज्यांपैकी अर्धे आमचे नाहीत.

गाठीभेटी | सोमवार, रात्री १०.०५

यादी त्याच्याकडे असेल. बॅग त्यालाच भरू द्या. तुम्ही भरलीत तर तिथे त्याला काहीच सापडणार नाही.

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री ११.१०

भरली. दोन तास लागले. यादीवर टिका केल्या, दोनदा उपसली, दोनदा भरली. टॉवेलवर टिक आहे, पण टॉवेल खुर्चीवर आहे. मला दिसलाय. सांगू का?

गाठीभेटी | शुक्रवार, रात्री ११.१५

नका सांगू.

टेकडीवरचा | शुक्रवार, रात्री ११.१७

मी एका शिबिरात तीन दिवस स्कार्फने अंग पुसलं होतं. काही होत नाही. वास येतो थोडा.

मी_मधली | शुक्रवार, रात्री ११.३०

ताई, नका सांगू. मी सांगितलं असतं, म्हणून म्हणते.

शंकासूर | शुक्रवार, रात्री ११.३४

टॉवेलचं काय झालं ते कळवा. धागा वाचनखुणेत टाकलाय.

पाऊलवाट | शनिवार, सकाळी ६.२५

गेला. मागे वळूनही बघितलं नाही. टॉवेल खुर्चीवरच. सासरे म्हणताहेत, अजून वळणापर्यंतच गेले असतील, पळत जाऊन देऊन ये. नवरा म्हणतो, बस खाली. बसलेय.